रानांतलें घर आणि अस्वलाची चाहूल

चैत्र लागला म्हणजे विदर्भाच्या रानांत मोहाला बहर आलेला असतो. पहांटेच्या अंधारांत त्याचीं पिवळसर, रसाळ, गोड फुलें टपटप गळूं लागतात आणि उजाडतां उजाडतां झाडाखालीं त्यांचा सडा पडतो. मेळघाटांत, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, रानालगत राहणारीं माणसें त्या वेळीं टोपल्या घेऊन घराबाहेर पडतात. कारण वेळेवर वेंचलीं नाहींत तर तीं फुलें गुराढोरांच्या व हरणांच्या पोटांत जातात. परंतु त्याच फुलांच्या वासावर आणखी एक प्राणी त्याच झाडाकडे निघालेला असतो. तो प्राणी म्हणजे अस्वल.

मोहाच्या फुलांवर गरिबांचा संसार चालतो. अस्वलाचेंही उन्हाळ्यांतलें पोट बरेंचसें त्यांवरच भरतें. माणसाची व अस्वलाची गांठ बहुधा अशी एकाच अन्नावर पडते. ती घातक ठरते ती शत्रुत्वामुळें नव्हे, तर दोघांनाही एकमेकांची चाहूल वेळेवर न लागल्यामुळें. म्हणून ज्याचें घर रानांत आहे, त्याला अस्वल दिसल्यावर ओळखतां येण्यापेक्षां, दिसण्यापूर्वींच तें जवळपास असल्याचें ओळखतां येणें अधिक अगत्याचें आहे.

शहरांतल्या लोकांना पूर्वीं अस्वल ठाऊक होतें तें दरवेशाबरोबर दारोदार हिंडणारें. नाकांत वेसण, डमरूच्या तालावर डोलणें, पाठीवर बसविलेलीं लहान मुलें आणि ताइतांत घालण्यासाठीं उपटून घेतलेला केंस, एवढीच ती ओळख. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ह्या प्राण्याला संरक्षण मिळालें; आणि रस्त्यावर नाचविलें जाणारें अखेरचें अस्वल २००९ सालीं सोडविण्यांत आलें, असें ह्या कार्यांतील संस्था सांगतात. दरवेशाचें अस्वल दांत पाडलेलें आणि मारानें दबलेलें असे. त्याच्यावरून रानांतल्या अस्वलाच्या स्वभावाची कल्पना येणें शक्य नव्हतें.

ह्या बाबतींत शास्त्रज्ञांचीही एकदां फसगत झाली आहे. १७९१ सालीं जॉर्ज शॉ ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें ह्या प्राण्याचीं लांब नखें आणि दांतांची ठेवण पाहून, अमेरिकेंत झाडाला लोंबकळत राहणाऱ्या 'स्लॉथ' नांवाच्या सुस्त प्राण्याच्या गणांत त्याची गणना केली. पुढें ती चूक दुरुस्त झाली. पण इंग्रजींत 'स्लॉथ बेअर' हें नांव मात्र कायम राहिलें. वस्तुतः आपलें अस्वल मुळींच सुस्त नाहीं. चवताळलें म्हणजे तें माणसाहून अधिक वेगानें धांवतें, आणि मधाच्या पोळ्यासाठीं झाडावरही चढतें.

ज्या दांतांमुळें ही चूक झाली, त्यांतच ह्या प्राण्याच्या जीवनाचें मर्म आहे. त्याच्या वरच्या जबड्यांतले मधले दोन दांत नसतात, आणि त्या जागीं फट असते. वारूळ नखांनीं फोडावयाचें, फुंकरीनें माती उडवावयाची, नाकपुड्या मिटून घ्यावयाच्या आणि लांब ओठांचें नळकांडें करून त्या फटींतून वाळवी शोषून घ्यावयाची, अशी त्याची रीत आहे. त्या वेळीं होणारा फूत्कार व सुसकारा १०० मीटरांहूनही अधिक अंतरावर ऐकूं येतो. निजानीज झालेल्या वस्तीच्या कडेला कोणीतरी भाता ओढीत असल्यासारखा आवाज आला, तर अस्वल वारुळावर बसलें आहे असें समजावें.

दिवसां दिसणाऱ्या खुणाही पुष्कळ असतात. ताजें फोडलेलें वारूळ आणि जमिनींत उकरलेले खोल खड्डे ही पहिली खूण होय. दुसरी खूण पावलांची. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो. पण बोटें जवळजवळ एका ओळींत उमटतात आणि पुढच्या पायाच्या नखांच्या टोंच्या बोटांपासून बऱ्याच पुढें पडलेल्या असतात. तिसरी खूण विष्ठेची. मोहाच्या दिवसांत तींत फुलांचा चोथा असतो; इतर वेळीं जांभूळ, बोर, टेंभुर्णी किंवा बहावा यांच्या बिया आढळतात. पोळें असलेल्या झाडाच्या खोडावर नखांचे ओरखडे दिसले, तर तीही त्याचीच वर्दी.

प्रत्यक्ष अस्वल दिसलें, तर काळ्या, लांब, विस्कटलेल्या केंसांवरून आणि छातीवरील इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या पांढुरक्या पट्ट्यावरून तें चटकन् ओळखूं येतें. मोठ्या नराचें वजन १०० किलोंच्या वरही जातें. मादीला हिंवाळ्यांत खडकांच्या कपारींत पिलें होतात, बहुधा एक किंवा दोन. आणि पुढें कित्येक महिने तीं तिच्या पाठीवर बसून हिंडतात. पाठीवर पिलूं असलेली मादी दिसली, तर तेथें क्षणभरही रेंगाळूं नये.

अस्वल माणसावर तुटून पडतें, तें त्याला खाण्यासाठीं नव्हे. त्याचें नाक तीक्ष्ण असलें तरी नजर व कान बेताचे. वारुळांत तोंड खुपसलें असतां किंवा फुलें वेंचण्यांत गर्क असतां माणूस अगदीं जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाहीं. मग तें दचकतें. ज्या रानांत वाघ वावरतो तेथें पळून जाण्यापेक्षां उलटून अंगावर जाणें हाच ह्या प्राण्याचा बचाव ठरला असावा, असें तज्ज्ञ मानतात. आणि तीच रीत तें माणसाशींही वापरतें. नखांचा व दांतांचा घाव पुष्कळदां डोक्यावर व तोंडावर बसतो. जीव वांचला, तरी डोळा किंवा चेहरा कायमचा गमावलेलीं माणसें रानाकांठच्या गांवांत आढळतात.

ह्यावरचा उपाय साधा आहे: अस्वलाला दचकूं देऊं नये. मोह वेंचण्यास किंवा तेंदूपानें तोडण्यास एकट्यानें न जातां तिघाचौघांनीं मिळून, मोठ्यानें बोलत, काठी आपटीत जावें. आणि शक्य तर पुरतें उजाडल्यावर निघावें. अस्वल दूर असेल आणि त्यानें पाहिलें नसेल, तर आल्या वाटेनें हळूहळू मागें फिरावें. तें मागच्या दोन पायांवर उभें राहिलें, तर तें बहुधा अंदाज घेत असतें. तेव्हां आरडाओरड करूं नये, दगड मारूं नयेत आणि पाठ दाखवून पळूं नये. अंगावर आलेंच, तर पालथें पडून दोन्ही हातांनीं मान व डोकें झांकून निश्चल राहावें, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

घराभोंवतींही थोडी दक्षता हवी. वाळत घातलेलीं मोहफुलें, पिकलीं फळें व खरकटें रात्रीं उघड्यावर राहूं देऊं नयेत. अंगणालगतचें गवत व झुडपें काढून टाकावींत. उघड्या विहिरीला कठडा बांधावा, कारण अंधारांत अस्वलें विहिरींत पडतात. गंमत म्हणून खाऊं घालणें तर सर्वस्वीं टाळावें. छत्तीसगडांत महासमुंद जिल्ह्यांतील चंडीदेवीच्या एका मंदिरांत अस्वलें प्रसादाला येत असल्याचें अनेक वर्षें पाहण्यांत आलें आहे. तें दृश्य मोठें कौतुकाचें. पण माणसाच्या हातचें अन्न एकदां कळलें कीं त्या प्राण्याची भीड मोडते, आणि भीड मोडलेलें अस्वल घराच्या दारांत उभें राहणें कोणाच्याच हिताचें नसतें.

मोहाचें झाड एकच आहे, आणि त्याच्याखालीं येणारे दोघेही भुकेपोटीं येतात. अस्वलाला वाट बदलावयास सांगतां येत नाहीं; आपण मात्र आपली वेळ बदलूं शकतों, आणि आपली चाहूल त्याला आधीं देऊं शकतों. पहांटेच्या अंधारांत आपटलेली एक काठी टोपली घेऊन निघालेल्या बाईचा चेहरा वांचवूं शकते, आणि सूडापोटीं मारलें जाणारें अस्वलही.