सुजलेल्या पायात नेमकं काय साठलंय?

हत्तीरोगाने असो किंवा कर्करोगासाठी जांघेतल्या लसिकाग्रंथी काढल्यामुळे असो, वर्षानुवर्षं सुजलेल्या पायाला ऑपरेशन आहे का, असं विचारलं की डॉक्टर आधी नडगीवर अंगठा दाबून धरतात. खळगा पडला तर सुजेत अजून पाणी आहे. नाही पडला, तर आत चरबी आणि चिवट तंतू साठलेत. ऑपरेशन कोणतं, हे बरंचसं यावर ठरतं.

पाणी असेल आणि ते वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या थोड्याफार चालू असतील, तर त्या थेट शिरेला जोडता येतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात इंडोसायनिन ग्रीन हा रंग टोचतात. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात चालू वाहिनी उजळ रेघ होऊन वर सरकते; तुंबलेल्या भागात रंग धुक्यासारखा पसरतो. रेघेवर पेनाने खूण करून छोटीशी चीर देतात आणि शेजारची तेवढीच बारीक शीर शोधतात. बारीक म्हणजे किती? बहुधा 0.8 मिलिमीटरहूनही कमी! मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने टाके पडतात. चिमटा सोडला की पाण्यासारखी लसिका रक्ताला पुढे ढकलते आणि शीर डोळ्यांदेखत निवळते. उलट रक्तच लसिकावाहिनीत शिरलं, तर ती जोडणी टिकेल याचा भरवसा कमी. जपानचे इसाओ कोशिमा यांनी रूढ केलेलं हे काम तेवढाच भाग बधिर करूनही होतं.

वाहिन्या पार निकामी झाल्या असतील, तर मानेतल्या किंवा पोटातल्या लसिकाग्रंथी रक्तवाहिन्यांसकट उचलून पायात बसवतात. गुण यायला महिने लागतात.

साठलेली चरबी मात्र या जोडण्यांनी हलत नाही. ती लायपोसक्शनने ओढून काढावी लागते. स्वीडनच्या होकन ब्रोरसन यांनी यात मोठं काम केलंय. पाय बारीक होतो, पण घट्ट दाबाचे मोजे जन्मभर. ते सोडले की सूज परत आलीच; हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं. कातडी पार जाड, खडबडीत झालेल्या पायांसाठी जुनं, 1912 सालचं चार्ल्स ऑपरेशन उरतं: खालच्या चरबीसकट कातडी काढून दुसरी कातडी लावायची. जखम मोठी, पाय ओबडधोबड दिसतो. शेवटचा उपाय म्हणूनच ते करतात.

यातलं काहीही करण्याआधी बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या बऱ्या कराव्या लागतात. तिथूनच जंतू शिरतात. थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो, आणि अशा प्रत्येक तापात आणखी काही वाहिन्या कायमच्या जातात.