आंकड्यांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची तपासणी

एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हातीं घेतला तर त्याचीं शेंदीडशें पानें सहज भरतात, आणि त्यांतील पुष्कळ पानांवर आंकड्यांखेरीज दुसरें कांहीं आढळत नाहीं. ताळेबंद, नफातोटापत्रक, त्यांखालील टिपा, टिपांखालील पोटटिपा! हे आंकडे छापावयाचे कोणासाठीं? ज्यांनीं आपली बचत त्या कंपनीच्या भागांत गुंतविली त्यांच्यासाठीं, तिला कर्ज देणाऱ्या बँकांसाठीं, आणि सरकारासाठीं. परंतु असे हजारों अहवाल एकमेकांशीं ताडून पाहणें मनुष्याच्या आवाक्याबाहेरचें आहे. संगणकाला तें काम सांगावें, तर त्याला आंकडा दिसतो, पण तो कशाचा हें कळत नाहीं. हा रुपयांचा कीं माणसांचा, ह्या वर्षाचा कीं गेल्या वर्षाचा, येण्याचा कीं देण्याचा, हें आपण आजूबाजूचे मथळे वाचून ओळखतों. यंत्रापाशीं ती ओळख नसते. ती त्याला करून देण्याची एक युक्ति गेल्या पंचवीस वर्षांत जगांतील अनेक देशांत रूढ झाली आहे. तिची, आणि तिच्या तपासणीसाठीं जें सॉफ्टवेअर वापरतात त्याची माहिती, वाणिज्य शाखेकडे जाऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहें.

युक्ति अशी कीं, प्रत्येक आंकड्याला एक चिठ्ठी बांधावयाची. किराणा दुकानांतील डब्यांवर हळद, जिरें, मेथी अशा चिठ्ठ्या डकविलेल्या असतात. त्यामुळें नवा पोऱ्याही झांकण न उघडतां नेमका डबा काढतो. आंकड्याच्या चिठ्ठीला टॅग म्हणतात. १९९८ सालीं अमेरिकेंतील टाकोमा ह्या शहरीं चार्लस् हॉफमन नांवाच्या हिशेबनिसानें, एक्सएमएल ही जी खुणांची भाषा त्याच वर्षीं मान्य झाली होती, तिचा हिशेबाच्या कामीं उपयोग होईल काय ह्याचा विचार आरंभिला. तेथील हिशेबनिसांच्या राष्ट्रीय संस्थेनें त्याला पाठबळ दिलें, आणि त्यांतून एक्सबीआरएल ही पद्धति निघाली. २००३ च्या अखेरीस तिचे मूळ नियम स्थिर झाले. अमेरिकेच्या रोखे-आयोगानें २००९ पासून टप्प्याटप्प्यानें ती कंपन्यांना सक्तीची केली. आपल्या देशांत २०११ सालीं कंपनी-व्यवहार मंत्रालयानें २०१०-११ ह्या वर्षाच्या हिशेबांपासून ती लागू केली. शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपन्या व त्यांच्या भारतांतील उपकंपन्या, तसेंच पांच कोटी रुपये वा अधिक वसूल भांडवल अथवा शंभर कोटी रुपये वा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्या, ह्यांचा त्यांत समावेश होता. बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या व बिगर-बँक वित्तसंस्था त्या वेळीं वगळल्या होत्या. मुंबई व पुणें येथें मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या पुष्कळ असल्यामुळें हें काम आपल्याकडील तरुणांच्या वाट्यास येण्याचा संभव मोठा आहे.

आतां चिठ्ठीवर काय काय लिहावयाचें तें पाहूं. पहिलें, आंकड्याचें नांव. आणि हें नांव आपल्या मनाचें चालत नाहीं. त्यासाठीं अधिकाऱ्यांनीं तयार केलेला एक मोठा कोश असतो, त्याला टॅक्सॉनॉमी म्हणतात. त्यांतील शब्दच घ्यावा लागतो. दुसरें, आंकडा कोणत्या कंपनीचा. तिसरें, काळ. येथें नवखा मनुष्य हमखास अडखळतो. रोख शिल्लक ही एका दिवसाची असते, म्हणजे ३१ मार्च रोजीं तिजोरींत काय होतें तें. विक्री मात्र १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतच्या वर्षभराची असते. नदीची पातळी एका क्षणीं मोजतां येते, पण वाहून गेलेलें पाणी मोजावयाचें तर आरंभ व शेवट दोन्हीं सांगावीं लागतात, तसाच हा भेद आहे. चौथें, परिमाण: रुपये, डॉलर, कीं भागांची संख्या. शिवाय आंकडा कितपत अचूक आहे, म्हणजे शेवटच्या रुपयापर्यंत बरोबर कीं लाखांत वा कोटींत पूर्ण केलेला, हेंही नमूद करावें लागतें. कोशांत रुपयांच्या पुष्कळशा नांवांपुढें तें 'नांवे' बाजूचें कीं 'जमा' बाजूचें हेंही लिहिलेलें असतें. आपल्या जुन्या कीर्द-खतावणींतलेच हे दोन शब्द संगणकाच्या पोटांत जाऊन बसलेले पाहून मोठी मौज वाटते.

एका अहवालांत अशा चिठ्ठ्या शेंकडों असतात, मोठ्या अमेरिकन कंपनीच्या अहवालांत तर हजारों. त्या हातांनीं बांधावयाच्या, तेव्हां चुका ह्या व्हावयाच्याच. म्हणून सरकारकडे धाडण्यापूर्वी तपासणीचें सॉफ्टवेअर चालवितात. भारतांत मंत्रालयानें असें एक सॉफ्टवेअर कंपन्यांना विनामूल्य दिलें. अमेरिकेंत आरेल नांवाचें एक सॉफ्टवेअर आहे. त्याचा मजकूर कोणासही पाहतां व वापरतां येतो, आणि रोखे-आयोगाचें कामही त्याच्या आधारें चालतें.

हें सॉफ्टवेअर प्रथम व्याकरण पाहतें. खुणांची भाषा शुद्ध आहे काय, प्रत्येक नांव कोशांत आहे काय, काळ व परिमाण दिलें आहे काय. नंतर तें आंकड्यांचे परस्परसंबंध पाहतें. कोशांतच सांगून ठेवलेलें असतें कीं अमुक चार रकमांची बेरीज तमुक रकमेइतकी व्हावी. बेरीज जुळली नाहीं कीं सॉफ्टवेअर बोट दाखवितें.

परंतु बेरीज न जुळणें म्हणजे चूकच, असें नाहीं. चौथीच्या मुलानेंही हें करून पाहावें: तीन खर्च प्रत्येकीं १.४ कोटी रुपयांचे आहेत, तर त्यांची खरी बेरीज ४.२ कोटी. आतां सर्व आंकडे पूर्ण कोटींत लिहा. तिन्ही खर्च १, १, १ असे होतात, आणि बेरीज ४! यंत्र म्हणतें एक आणि एक आणि एक तीन. कागद म्हणतो चार. आणि दोघेही आपापल्या परीनें खरें बोलतात. म्हणून अशा विसंगतीला पुष्कळ ठिकाणीं दोष न मानतां केवळ सूचना मानतात. २०२३ सालीं मान्य झालेल्या नव्या गणितनियमांत ह्या पूर्णांकनाची सोय करण्यांत आली. परिणाम मात्र असा कीं, तपासनिसापुढें सूचनांची लांब यादी येते आणि त्यांपैकीं बऱ्याच निरुपद्रवी असतात. दहा सूचना पाहून सोडल्या कीं अकरावी न पाहतांच सोडण्याची मनुष्याला संवय लागते, आणि घात होतो तो त्या अकरावींत.

चिन्हाची चूक ही ह्या व्यवसायांतील सर्वांत प्रसिद्ध चूक होय. छापील पत्रकांत खर्चाचा आंकडा कंसांत घालण्याची चाल आहे; कंस म्हणजे वजा. चिठ्ठी बांधणारा कंस पाहतो आणि आंकड्यालाही वजा चिन्ह लावतो. पण 'खर्च' हें नांवच वजाबाकी सांगत असतें. त्याला आणखी वजा केला कीं खर्चाचें उत्पन्न होतें! कागदावर कोणाला कांहींच वावगें दिसत नाहीं. जो संगणक हा अहवाल वाचतो त्याला मात्र कंपनीचा नफा फुगलेला दिसतो. अमेरिकेंत २०१५ सालीं चिठ्ठ्यांचा दर्जा सुधारण्यासाठीं एक समिति स्थापन झाली. जे आंकडे वजा असूंच शकत नाहींत ते वजा आले आहेत काय, हें पाहणें हा तिच्या आरंभीच्या नियमांपैकीं एक होता.

दुसरी चूक पटीची. छापील पानाच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत 'रुपये कोटींत' असें लिहिलेलें असतें. चिठ्ठीच्या आंकड्याची किंमत मात्र पुरी व्हावी लागते, म्हणजे ४२ ह्या आंकड्यापुढें सात शून्यें. एखाद्यानें तें पत्रक लाखांतलें समजून पांचच शून्यें दिलीं तर सगळे आंकडे शंभर पटींनीं लहान होतात. आणि येथें बेरजेची तपासणी कांहींच उपयोगाची नाहीं, कारण सर्वच रकमा एकाच पटीनें चुकल्या असतां बेरीज तंतोतंत जुळते! ही चूक सांपडते ती गेल्या वर्षाचे आंकडे शेजारीं ठेवल्यानें. म्हणून चांगलें सॉफ्टवेअर दोन वर्षें समोरासमोर मांडून, जेथें अकल्पित चढउतार असेल तेथें खूण करतें.

कोशांत शब्दच सांपडला नाहीं तर काय करावें? अमेरिकेंत कंपनीला स्वतःचा नवा शब्द घडवितां येतो. ही मोकळीक चांगली. पण तिचा अतिरेक होऊन, कोशांत योग्य शब्द असतांही कंपन्या आपलाच शब्द वापरूं लागल्या, आणि मग दोन कंपन्यांची तुलना करावयाची ती कशी? आपल्या मंत्रालयानें ह्याच्या उलट मार्ग धरला. नवा शब्द घडविण्यास परवानगीच ठेविली नाहीं. त्यामुळें तुलना सुलभ झाली खरी, परंतु न बसणारी गोष्ट जवळच्या चौकटींत कोंबण्याचा मोह वाढला. माझ्या मतें आपला मार्ग अधिक बरा. चौकट अपुरी पडली तर टीप लिहून खुलासा करतां येतो. अमेरिकेंतील आणखी एक प्रकार सांगण्यासारखा आहे. कोणत्या रकमांची बेरीज कोणती, हें कंपनीनेंच अहवालासोबत नोंदवावयाचें असतें. कित्येक कंपन्या ही नोंद अपुरी देत. बेरीज मांडलीच नाहीं, तर ती चुकणार कशी! रोखे-आयोगाला २०१४ च्या जुलै महिन्यांत ह्याबद्दल कंपन्यांच्या अर्थप्रमुखांना पत्रें लिहावीं लागलीं.

येथपर्यंतच्या चुका अनवधानाच्या. आतां जाणूनबुजून केलेल्या खोट्याकडे वळूं. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर वरच्या पानावरील गुणांची बेरीज पुन्हां मोजणारा एक सहकारी असतो. बेरीज चुकली तर तो सांगेल. पण आंतील उत्तर बरोबर कीं चूक ह्याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. तपासणीचें सॉफ्टवेअर हें असें आहे. हैदराबादच्या सत्यम् कॉम्प्युटर सर्व्हिसेस ह्या कंपनीच्या अध्यक्षांनीं ७ जानेवारी २००९ रोजीं पत्र लिहून कबूल केलें कीं, ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदांत दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकेपैकीं ५,०४० कोटी रुपये मुळांत अस्तित्वांतच नव्हते. हा प्रकार आपल्याकडे चिठ्ठ्यांची सक्ति होण्यापूर्वीचा. परंतु ती असती तरी काय झालें असतें? 'रोख व बँकेंतील शिल्लक' हें नांव कोशांत आहे. दिनांक बरोबर, परिमाण बरोबर, चिन्ह बरोबर, आणि ताळेबंदाच्या दोन्हीं बाजू समान. सॉफ्टवेअरनें एकही दोष दाखविला नसता. बँकेंत तो पैसा आहे कीं नाहीं, हें बँकेला विचारूनच कळतें, आणि तें विचारणें हें हिशेबतपासनिसाचें काम आहे. ज्यांनीं आयुष्यभराची शिल्लक त्या भागांत ठेविली होती त्यांना ह्याचें मोल चांगलेंच कळलें.

म्हणून हें सॉफ्टवेअर निरुपयोगी, असें मात्र कोणीं समजूं नये. क्षुल्लक चुकांचा केर तें झाडून टाकतें, आणि तपासनिसाचा वेळ विचारासाठीं मोकळा होतो. चुकीची चिठ्ठी ओळखणें हें तो विचार मागणारें काम आहे. दीर्घ मुदतीच्या कर्जाला अल्प मुदतीच्या कर्जाचें नांव दिलें, तर नांव कोशांतलें, आंकडा खरा, एकूण कर्जाची बेरीजही बरोबर. पण कंपनीला बारा महिन्यांच्या आंत किती फेडावयाचें आहे, ह्याविषयीं वाचणाऱ्याची समजूत अगदीं उलटी होते. टीप वाचल्यावांचून हें कळत नाहीं.

पूर्वी छापील अहवाल वेगळा आणि चिठ्ठ्यांची फाइल वेगळी असे, व दोहोंत फरक पडत असे. अमेरिकेच्या आयोगानें २०१८ सालीं ठरविलें कीं चिठ्ठ्या वाचनीय पानांतच गुंफाव्या. अशा पानावरील आंकड्यावर बोट ठेवलें कीं त्याचें नांव, काळ, परिमाण व चिन्ह बाजूस उघडतें. भारतांत २०११ सालीं जी व्यवस्था आली तींत फाइल वेगळी होती. परंतु मंत्रालयाच्या सॉफ्टवेअरमधून तिची वाचतां येईल अशी पीडीएफ प्रत काढण्याची सोय होती. ह्या कामांत पडलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, त्याच्या कचेरींत ती प्रत कागदावर काढतात. मग संचालकांच्या सह्यांचा मूळ ताळेबंद एकानें हातीं घेऊन मोठ्यानें वाचावयाचा, दुसऱ्यानें काढलेल्या प्रतीवर एकेका आंकड्यापुढें पेन्सिलीनें टिंब द्यावयाचें. आणि शेवटच्या पोटटिपेपर्यंत टिंबें पडल्याखेरीज फाइल डिजिटल सहीसाठीं पुढें जात नाहीं.