डंजन्स अँड ड्रॅगन्स: पडद्यावरचे हक्क नेमके कोणाचे?
डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळावरचा नवा चित्रपट रखडला तो कोर्टकज्जांमुळे, असं म्हटलं जातं. माझ्या मते खरं कारण जुन्या करारातली संदिग्धता. कोर्टनी सॉलोमन यांच्या स्वीटपी कंपनीने १९९०च्या दशकात खेळाची मूळ कंपनी टीएसआर हिच्याकडून चित्रपटाचे हक्क घेतले. पुढे टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे आणि १९९९मध्ये विझार्ड्स हॅस्ब्रोकडे गेली. जुना करार मात्र तसाच राहिला. ठरावीक मुदतीत सिक्वेल आला नाही तर हक्क परत, अशी त्यात अट होती. २०००च्या चित्रपटानंतर २००५ आणि २०१२मध्ये आले ते कमी बजेटचे चित्रपट. ते सिक्वेल की निव्वळ टीव्हीपट? २०१३मध्ये स्वीटपी वॉर्नर ब्रदर्सबरोबर चित्रपट काढणार म्हटल्यावर हॅस्ब्रो नेमक्या याच मुद्द्यावर कोर्टात गेली.

हॅस्ब्रोला युनिव्हर्सलबरोबर चित्रपट करायचा होता, म्हणजे हा पैशाचाच खेळ, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण त्यामुळे अट चुकीची ठरत नाही. मुदतच नसेल तर हक्क घेणारा ते वर्षानुवर्षं अडवून ठेवू शकतो. चूक मुदतीची नव्हती. मुदत कशाने पाळली जाते हे निःसंदिग्धपणे न लिहिण्याची होती. २०१५मध्ये तडजोड झाली, त्यामुळे त्या प्रश्नाला कोर्टाचं उत्तर मिळालंच नाही. चित्रपट अखेर पॅरामाउंटकडून २०२३मध्ये आला.