दवाखान्याचा आकडा कसा वाचावा?

‘त्या दवाखान्यात माणसं फार दगावतात, तिकडं जाऊ नका,’ असं गावोगाव बोललं जातं. सभासद बंधु-भगिनींना आमचं सांगणं एवढंच, की नुसत्या आकड्यावर निवाडा करू नका. साप चावलेला, भाजलेला, अडलेली बाळंतीण ही सगळी अखेर मोठ्याच दवाखान्यात जातात. तिथं मृत्यू जास्त दिसणारच. अवघड रोगी पुढं धाडणाऱ्याचा आकडा आपोआप कमी राहतो. उसाचा उतारासुद्धा आपण जात अन् तोडणीची वेळ बघूनच ताडतो ना?

मात्र रोगी सारखे असले, की आकडा खरं बोलतो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. भरती दिवसाआड आलटून-पालटून होई. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शेकडा ११ दगावल्या, सुइणींच्या विभागात ३ हूनही कमी. डॉ. सेमेलवाइस यांनी कारण हुडकलं : डॉक्टर मंडळी प्रेतं चिरून तशीच बाळंतपणाला येत. मे १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलात शेकडा १८ असलेलं प्रमाण जूनमध्ये २ वर आलं.

तेव्हा दवाखाना पारखताना दोन गोष्टी विचारा : तिथं रोगी कसे येतात, आणि हात धुतले जातात का?