वर्ध्याचा उन्हाळा आणि टायरची हवा

थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात. त्यांचं रबर मऊ असतं, त्यामुळे ७ अंशांखालीही ते कडक होत नाही. तेच उन्हाळ्यात चालवले तर भराभर झिजतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या वर्ध्यात असले टायर कोण घेणार? आपला घोळ वेगळा आहे. ‘उन्हाळा आहे, हवा जरा कमीच भर,’ असं पंक्चरवाल्याला सर्रास सांगितलं जातं. हे साफ चूक. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते, पुन्हा ताठ होते आणि रबर आतून तापत जातं. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने असं बराच वेळ चाललं, तर टायर फुटू शकतो. उन्हाने वाढणारा थोडा दाब कंपनीने आधीच हिशेबात धरलेला असतो. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचंही फार कौतुक नको. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा पाहून, सकाळी टायर थंड असताना तेवढी हवा भरा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर मात्र टायरच बदला.