स्लॅब पडण्याआधी

घर बांधायला काढलं की फरशी कोणती आणि रंग कोणता यावर महिनाभर वाद रंगतात. पंखा आणि इंटरनेटची वायर मात्र ‘मग पाहू’ या खात्यात जातात. तसं पाहिलं तर त्या मग पाहण्यासारख्याच वस्तू आहेत. पंखा दहा वर्षांनी बदलता येतो, जुनी वायर ओढून नवी घालता येते. सहजी बदलता येत नाही तो पंख्याचा हुक आणि वायरीचा पाइप. ही दोन्ही कामं स्लॅबच्या पोटात जातात. मुलचेरा, घोट, आलापल्ली या पट्ट्यात तर पावसाळ्याआधी स्लॅब उरकायची घाई असते आणि त्या घाईत मिस्त्री कुणासाठी थांबत नाही.

उदाहरणाला आपल्याकडचं साधं घर घेऊ. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. त्याला पदरचे पैसे घालून मागे एक खोली आणि पुढे छपरी काढलेली. तीन खोल्या, वर स्लॅब, आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा.

सेंट्रिंगवर सळाख बांधून झाली की फॅनबॉक्स ठेवायची वेळ येते. बॉक्समधल्या हुकाची सळई १२ मिलिमीटरची असावी आणि तिची दोन्ही टोकं स्लॅबच्या सळाखीवरून नेऊन बायंडिंग वायरनं घट्ट बांधावीत. नुसता बॉक्स काँक्रीटमध्ये रुतवून ठेवणारेही भेटतात, त्यांना तिथेच थांबवावं. पंख्याचं वजन चार-पाच किलोच असतं, पण तो वर्षानुवर्षं थरथरत राहतो. बॉक्सची जागा खोलीचा मध्य धरून ठरवतात. त्यात सज्जा किंवा लाकडी कपाट येणार असेल, तर उरलेल्या मोकळ्या जागेचा मध्य धरा. आणखी एक बारीक गोष्ट: ट्यूबलाइट पात्यांच्या पातळीच्या वर बसली तर भिंतीवर सावल्या लपलपत राहतात. लाइटचा पॉइंट पात्यांपेक्षा खाली घ्या.

उंचीचं गणित सोपं आहे. छत आणि पाती यांच्यात निदान ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर अंतर हवं, नाहीतर पंख्याला वरून ओढायला हवाच मिळत नाही. पात्यांपासून जमिनीपर्यंत निदान २.४ मीटर, म्हणजे आठ फूट. नऊ फुटांवर स्लॅब असेल तर हे दोन्ही कसेबसे जमतात. दहा फुटांवर असेल तर ऐसपैस. साडेआठ फुटांवर स्लॅब टाकून चार विटांचे पैसे वाचवणारा माणूस पुढे प्रत्येक उन्हाळ्यात ते फेडतो.

कवेलूच्या घरात हा प्रश्न वेगळा सुटतो. तिथे हुक सागवानी मयालीला आरपार बोल्टनं बसवावा, खिळ्यानं नव्हे, आणि आधी ते लाकूड वाळवीनं पोखरलेलं नाही ना, हे ठोकून पाहावं. पत्र्याच्या घरात पंखा कैचीच्या लोखंडी पाइपला टांगायचा, पत्र्याला कधीही नाही. पत्रा फारच खाली असेल तर छतपंख्याचा हट्ट सोडून भिंतीवरचा पंखा घेतलेला बरा.

मापाबद्दल दुकानदार फार बोलत नाहीत. दहा बाय दहा ते बारा बाय बारा खोलीला १२०० मिलिमीटरचा पंखा पुरतो. खोली लांबट असेल तर एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन पंखे चांगले. स्वयंपाकघराला ९०० किंवा ६०० मिलिमीटरचा चालतो. बॉक्सवर ठळक छापलेल्या फेऱ्यांच्या आकड्यावर भाळू नये. हवा किती फेकली जाते हे पात्यांच्या कोनावर आणि रुंदीवरही ठरतं, म्हणून ‘मिनिटाला किती घनमीटर हवा’ हा आकडा शोधावा. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला तो २१० किंवा जास्त असावा. त्याला वॅटनं भागलं की ‘सर्व्हिस व्हॅल्यू’ निघते आणि तारे त्यावरूनच मिळतात. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं. त्या वेळच्या कोष्टकानुसार या मापाच्या पंख्याला पाच तारे मिळायला सर्व्हिस व्हॅल्यू ६ लागते. २१० घनमीटर हवा ३५ वॅटमध्ये दिली की बरोबर ६ येतात. जुना साधा पंखा तेवढ्याच हवेला ७० ते ८० वॅट खातो.

हा फरक मोटरीत आहे. साध्या पंख्याच्या मोटरीत फिरणाऱ्या भागाला स्वतःचं चुंबकत्व नसतं. आतल्या स्थिर गुंडाळीतला प्रवाह त्यात प्रवाह निर्माण करतो, त्यातून चुंबकत्व येतं आणि या व्यवहारात बरीच वीज उष्णता होऊन जाते. तासभर चाललेल्या पंख्याच्या डब्याला हात लावून पाहा. बीएलडीसी पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि एक छोटी सर्किट पाटी गुंडाळ्यांना पाळीपाळीनं वीज देते. आयआयटी मुंबईचे मनोज मीना आणि सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ॲटमबर्गनं २०१५ मध्ये असा पंखा बाजारात आणला. त्याआधी कोइम्बतूरचा सुपरफॅन आला होता. आता जवळजवळ प्रत्येक कंपनीकडे तो आहे.

वीजबिलाचा हिशेब दिवसाला बारा तास धरून करू. ७५ आणि ३० वॅटमधला फरक ४५ वॅट, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. वर्षात नऊ महिने पंखा चालला तर एका पंख्यामागे १४५ युनिटच्या आसपास. आपल्या बिलावरचा दर लावून गुणाकार करा. पण माझ्या मते या भागात खरा फायदा बिलात नाही, इन्व्हर्टरवर आहे. वादळात तारेवर झाड पडलं की वीज रात्रभर येत नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हजार वॅट-तास वापरता येतात असं धरा. तीन साधे पंखे २२५ वॅट घेतात, म्हणजे साडेचार तासांत खेळ खलास. तीन बीएलडीसी ९० वॅट घेतात. अकरा तास, रात्र निघते. शिवाय दाब कमी झाला की साधा पंखा रेंगाळतो. बीएलडीसी आपला वेग बराच टिकवतो, मात्र किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत ते बॉक्सवर वाचून घ्यावं.

दुसरी बाजूही आहे. साधा पंखा मंदावला तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो थोडक्या पैशांत कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि मोटर जळली तर वाइंडिंग करणारा माणूस तालुक्याला सापडतो. बीएलडीसीची पाटी गेली की चंद्रपूर-नागपूरची वाट धरावी लागते. म्हणून झोपायच्या खोल्यांना बीएलडीसी आणि छपरीत साधा, असा माझा सल्ला. बीएलडीसी ज्या पॉइंटवर बसणार तिथे जुना रेग्युलेटर ठेवू नका. त्याचा वेग रिमोटनं किंवा त्याच्या स्वतःच्या स्विचनं बदलतो. मधे रेग्युलेटर आला की पाटी बिघडते आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

आता पाइपाकडे येऊ. इंटरनेट घरात कसं येईल हे इथे आज ठरवता येत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पण पंचायतीपासून तुमच्या भिंतीपर्यंतची तार हा वेगळा मामला आहे. आज मोबाइलचा राउटर छतावर लावाल, उद्या फायबर येईल, परवा उपग्रहाची थाळी. तिन्हींना भिंतीतून आत यायला एकच गोष्ट लागते: २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप. एक पाइप रस्त्याच्या खांबाकडच्या भिंतीतून आणि एक छतावरून आत आणा. दोन्ही एकाच कोपऱ्यातल्या बॉक्समध्ये येऊ द्या. भिंतीतून जाणारा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरता ठेवा आणि बाहेर वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकतं, आत येत नाही.

त्या कोपऱ्यातून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पाइप जाईल: टीव्हीची भिंत, मुलांच्या अभ्यासाची जागा, छपरीतला कॅमेरा आणि घराच्या मधोमध छताजवळ वायफायसाठी एक. जाड भिंतीपलीकडे वायफायचा जोर ओसरतो. मधोमध एक वायफाय यंत्र केबलनं जोडलं की सगळ्या खोल्यांना पुरतं. अशी यंत्रं आणि कॅमेरे बऱ्याचदा त्याच नेटवर्क केबलमधून वीजही घेतात, तिथे वेगळा प्लग लागत नाही. पाइपाला काटकोनी एल्बो लावू नका, लांब वळण द्या. विजेच्या वायरी या पाइपात घालू नका. समांतर जाताना फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी घालून ठेवा आणि दोन्ही तोंडं बोळा कोंबून, वर टेप लावून बंद करा. स्लॅबच्या दिवशी त्यात सिमेंटचं पाणी जाऊ नये हे एक कारण. दुसरं असं की प्लास्टर आणि वायरिंग यांच्यात दोन महिने गेले तर कुंभारीण माशी उघड्या तोंडात मातीचं घर बांधते आणि ते पाइपात वाळून घट्ट बसतं. काँक्रीट ओतण्याआधी सगळ्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून.

केबल कोणती घ्यावी? कॅट ६, शुद्ध तांब्याची. कॅट ५ई शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट वाहून नेते, आणि घरात तीस मीटरही लागत नाहीत, त्यामुळे तीही चालली असती. पण कॅट ६ ची किंमत फार वेगळी नाही आणि ती ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिटही नेते. त्यापुढच्या महागड्या केबली या घरात पैशाची नासाडी आहेत. सावध राहायचं ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या केबलपासून. ब्लेडनं तार खरवडली की आतून पांढरी निघते आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती तापतेही. उन्हात जाणाऱ्या भागासाठी बाहेर वापरायची काळ्या आवरणाची केबल घ्या.

आत आठ तारा, चार जोड्या. जोडीतल्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला दोन्हींतला फरकच मोजला जात असल्यामुळे तो वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये टेलिफोनसाठी वापरली. म्हणून टोक बसवताना पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उघडू नये. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण हिरव्याशेजारी हिरवा आणि निळ्याशेजारी निळा असा ‘नीट’ लावतात, दोन्ही टोकांना सारखाच. साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण नेट रडतखडत चालतं, कारण तिसरी आणि सहावी जागा एकाच जोडीची असते आणि इथे ती जोडी फुटलेली असते.

विजांचा प्रश्न इथे मोठा आहे. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण त्या केबलला बळकटीसाठी बऱ्याचदा पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून थांबवावी. दोन घरांमध्ये तांब्याची नेटवर्क केबल कधीही ओढू नये. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्शनचं यंत्र बसवून घ्या. चांगल्या अर्थिंगशिवाय ते नुसती शोभा आहे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावं लागतं. गडगडाट जवळ आला की राउटरचा अडॅप्टर आणि छतावरून आलेली केबल, दोन्ही काढून ठेवा. बीएलडीसी पंख्याची पाटीही अशाच झटक्यानं जाते, त्याची एमसीबी पाडायला विसरू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं.

शेवटी केबल ओढताना जोर लावून हिसके देऊ नका, प्रत्येक टोकाला फूटभर जादा सोडा आणि चिठ्ठी लावा. मग प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून एक गिगाबिट दिसतंय का ते पाहा. १०० मेगाबिट दिसलं तर कुठेतरी तार सुटलेली आहे. इलेक्ट्रिशियनच्या मजुरीचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.