माणसं आठ, शिट्ट्या सहा!

माझा भाचा वेबसाइट तयार करतो. गेल्या पावसाळ्यात महिनाभर तो आमच्याकडे राहून काम करत होता. बाहेरच्या जेवणाला कंटाळलेला! पहिल्याच दिवशी म्हणाला, "मामी, तू मला स्वयंपाक शिकव, मी तुला कोडिंग शिकवतो."

मला हसूच आलं. मराठी घेऊन बी.ए. झालेली मी, आता या वयात हे कसं जमणार? तरी बसले. सामग्री काय, तर नोटपॅड आणि ब्राउझर. एचटीएमएल ही टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेत काम करताना तयार केलेली खुणांची भाषा. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, हे खुणांनी सांगायचं. सीएसएस म्हणजे पान वाढणं, डावं-उजवं नीट मांडणं. जावास्क्रिप्ट हिशेब करते.

एकदा ठळक अक्षरांची खूण बंद करायला मी विसरले, तर पुढचं सगळं पानच ठळक! "मामी, डब्याचं झाकण राहिलं," भाचा म्हणाला.

स्वयंपाकघरात मात्र तो मला अडवायचा. "अंदाजाने म्हणजे किती?" मग आम्ही चौघांच्या आमटीची मापं घेतली: पाऊण वाटी तूरडाळ, दोन चहाचे चमचे गोडा मसाला, लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'तल्या (१९७०) वाटी-चमच्याच्या मापांचं मोल तेव्हा नव्याने कळलं.

त्याने त्या आमटीचं पान केलं. माणसांचा आकडा घातला की मापं बदलतात. मी आठ घातले. सगळं दुप्पट झालं, अगदी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा, तीनच्या सहा!

"अरे, डाळ वाढली म्हणून शिट्ट्या वाढत नाहीत! फोडणीचं तेलही दीडपट पुरतं. मीठ-तिखट चाखून घालायचं."

त्याने मुकाट्याने पान दुरुस्त केलं. म्हणाला, "हे मला कोण सांगणार होतं, मामी?" पंधरा वर्षं जे मी नुसतं 'घरकाम' समजत होते, ते ज्ञान होतं तर!

आमच्या सासूबाईंच्या कैरीच्या लोणच्याचं माप कधी कुणी विचारलंच नाही. त्या गेल्या, ती चवही गेली. मैत्रिणींनो, आपल्या हातचा अंदाज एकदा वाटीने मोजून लिहून ठेवा. वहीत लिहा, नाहीतर माझ्यासारखं संगणकावर. झाकण तेवढं लावायला विसरू नका!